ब्लॅकबर्न रोव्हर्स, २०११-१२ : नेमकं कुठं बिघडलं?

निलंगा_एक्सप्रेस

राम राम मंडळी. मी निलंग्याचा, सध्या पुण्यात शिकायलोय. दिवाळीत घरी माळवदाच्या खोलीतली पत्र्याची पेटी आवरताना काकाचा एक जुना टी-शर्ट निघाला. उभा अर्धा निळा, अर्धा पांढरा, छातीवर गुलाबाचं फूल. काका म्हणाला, "बालेवाडीला घेतला होता. कोंबडीवाल्यांची इंग्लंडची टीम आली होती तवा." काकाला फुटबॉलमधलं एवढंच येतं.

हॉस्टेलवर तो घालून मेसला गेलो तर केरळचा एक सीनियर ताट बाजूला ठेवून हसायला लागला. मग रात्री वाचत बसलो. टी-शर्ट ब्लॅकबर्न रोव्हर्सचा. १९९५ ला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची डिव्हिजन जिंकलेला क्लब, नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबडीच्या धंद्यातल्या पुण्याच्या वेंकीजवाल्या राव कुटुंबानं घेतला, आणि मे २०१२ ला खालच्या डिव्हिजनला गेला. दीड वर्ष!

प्रश्न दोनच. पैसेवाला मालक येऊनही टीम बुडते कशी? आणि मालक आपल्याकडचे म्हणून लोक जास्त बोलतात, का खरंच तसं झालं? इंग्रजी पानांवर शिव्याच जास्त आहेत, त्यातून काही निवडता येईना. तेव्हा मॅच बघितलेलं कुणी असेल तर सांगा. मी तेव्हा दुसरीत होतो.

जिंतूर_ब्रॉयलर

काकाला सांग, तो टी-शर्ट कधी टाकून द्यायचा म्हटलं तर जिंतूरला पाठवा.

७ ऑक्टोबर २०११ ला बालेवाडीत मी पण होतो. तेव्हा चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो, सुट्टी टाकून गेलो. पुणे एफसीबरोबर मैत्रीचा सामना, ब्लॅकबर्ननं ३-० नं जिंकला. आम्हाला खेळाडूंची नावं पाठ नव्हती, पण कुणी बॉलला पाय लावला की आम्ही ओरडायचो. खोलीवर परत आल्यावर कळलं की ही टीम तिकडं लीगमध्ये पार तळाजवळ आहे, आणि आठ दिवसांनी क्वीन्स पार्क रेंजर्सबरोबर मॅच आहे. घरात कर्ज झालेलं असताना पाहुण्याच्या लग्नात नाचायला गेल्यागत वाटलं मला ते. पण जीव तिथंच अडकला, त्या दिवसापासून हीच टीम.

आता तुझा प्रश्न. माझं मत सरळ आहे : पैशानं नाही बुडाले. धंदा कळणारी माणसं एकेक करून गेली, त्यानं बुडाले. आणि ते बिघडलं २०११-१२ मध्ये नाही, त्याच्या आधीच्या डिसेंबरमध्ये.

हे मला कळायला स्वतःची शेड टाकावी लागली. २०१५ ला गावाकडं आलो, कंपनीशी करार करून पाच हजार पक्ष्यांची शेड घातली. शेडवर एक जुने मामा होते. शाळा चौथी, पण पहाटे तीनला उठून पडद्याला हात लावायचे आणि सांगायचे की पिल्लं गारठलीत. थर्मामीटर नंतर तेच दाखवायचं. तिसऱ्या लॉटला, म्हणजे पिल्लांच्या तिसऱ्या खेपेला, आमच्या मावसभावानं डोक्यात भरवलं, मी मामांना काढलं आणि डिप्लोमावाला पोरगा ठेवला. पोरगा वाईट नव्हता. पण जानेवारीचा गारठा, त्यानं ब्रूडिंगचे, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचे बल्ब कमी लावले, पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झाली, रोज पाटीभर मर. बरं, जी वाचली ती पुढं चांगली खायलीत, पळायलीत, मला वाटलं निभावलं. पस्तिसाव्या दिवशी वजन घेतलं तेव्हा काट्यानं दाखवलं. पहिल्या आठवड्यात मार खाल्लेला पक्षी नंतर कितीही फीड ओता, भरत नाही. कंपनीचा काही दोष नव्हता, माझाच होता.

आता ब्लॅकबर्न बघ. १९ नोव्हेंबर २०१० ला क्लब घेतला, २ कोटी ३० लाख पौंडांना, वर क्लबचं कर्जही अंगावर घेतलं. मॅनेजर, म्हणजे टीम निवडणारा आणि चालवणारा, होता सॅम अलरडाइस. त्याचा खेळ बघायला कंटाळा यायचा हे खरं, उंच बॉल मारायचे आणि त्याच्यामागं पळायचे. पण टीम तेराव्या नंबरला होती. वीस टीम असतात, शेवटच्या तीन खाली जातात, म्हणजे तेरावा नंबर काही वाईट नाही. १२ डिसेंबरला बोल्टनकडं २-१ नं हरले, दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. महिना पण पूर्ण झाला नव्हता मालकांना.

जागेवर आला स्टीव्ह केन. तो टीमचा कोच होता, पण प्रीमियर लीगची टीम स्वतः कधी चालवली नव्हती. त्याचं काम बघणारा एजंट जेरोम अँडरसन, आणि क्लब घेताना मालकांना सल्ला द्यायलाही तोच. यावर मी जास्त बोलत नाही, तुझं तू समजून घे. जानेवारीतच केनला २०१३ पर्यंतचा करार दिला. त्याच महिन्यात रोनाल्डिनियोला आणायचं चाललं होतं, तो गेला ब्राझीलला फ्लेमेंगोत. फेब्रुवारीत चेअरमन जॉन विल्यम्स गेला, ज्यानं कमी पैशात इतकी वर्षं हा क्लब वर टिकवला होता. तरी त्या वर्षी शेवटच्या दिवशी वुल्व्हजला ३-२ नं हरवून पंधराव्या नंबरवर वाचले. सगळ्यांना वाटलं निभावलं. माझ्या लॉटसारखंच.

मग जूनमध्ये फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला, आणि २०११-१२ चा हंगाम सुरू झाला. पहिल्या तीन मॅच हरले. तिसरी एव्हर्टनबरोबर, घरच्या मैदानावर. त्या एका मॅचमध्ये दोन पेनल्टी घालवल्या, आणि शेवटच्या मिनिटांत एव्हर्टनला पेनल्टी मिळाली ती त्यांनी मारली. ०-१. देव पण नको म्हणत असेल तर काय करणार.

मधून मधून असा खेळ करायचे की वाटायचं हे बुडणारच नाहीत. सप्टेंबरमध्ये आर्सेनलला ४-३. डिसेंबरमध्ये स्वॉन्सीला ४-२, चारही गोल यकुबूचे. पण नॉर्विचला ३-१ नं पुढं असताना शेवटी ३-३ करून आले. त्या दिवशी पाठीराख्यांनी भाड्यानं विमान आणून मैदानावर केनला काढा म्हणून फलक फिरवला होता. आपल्याकडं सरपंचाविरुद्ध सुद्धा इतका खर्च कुणी करत नाही.

हे बघ आता, याच्यावर थांब जरा. डिसेंबर २०११ मध्ये क्लबचा उपमुख्य अधिकारी पॉल हंट, त्यानं मालकांना पत्र लिहिलं की मॅनेजर बदला, नाहीतर टीम खाली जाईल. हातात अर्धा हंगाम शिल्लक होता. काही झालं नाही. मे महिन्यात टीम खाली गेली, ते पत्र पेपरात फुटलं, आणि नोकरी गेली ती हंटची! सुपरवायझरनं सांगितलं शेडमध्ये गारठा आहे, तर बल्ब लावायचा सोडून सुपरवायझरलाच हाकलला.

जानेवारी-फेब्रुवारीत जुनी खोडं पण गेली. कॅप्टन राहिलेला रायन नेल्सन गेला, जेसन रॉबर्ट्स गेला, भिंतीसारखा क्रिस सांबा रशियाला विकला. ४ फेब्रुवारीला आर्सेनलनं सप्टेंबरचं उट्टं काढलं, ७-१. आणि मार्चच्या शेवटापासून ओळीनं पाच हार : बोल्टन, युनायटेड, वेस्ट ब्रॉम, लिव्हरपूल, स्वॉन्सी. तिथंच काटा पडला.

७ मे २०१२, सोमवार. विगनबरोबर घरची मॅच, आपल्याकडं रात्री साडेबाराला. मी सुट्टीत गावी होतो, दिवसभराचं भारनियमन, लाईट कधी येईल कधी जाईल, इन्व्हर्टरवर टीव्ही. तिकडं पाऊस. पाठीराख्यांनी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांसाठी होती ती, उघड आहे. आई बाजेवर जागी होती, तिनं विचारलं, "ते कोंबडी कामून धरायलेत?" मला काही सांगता येईना. ८७ व्या मिनिटाला विगनच्या अल्कारासनं हेडर मारला. ०-१. संपलं. ३८ मॅच, ८ जिंकल्या, ७ बरोबरी, २३ हार, ७८ गोल खाल्ले, ३१ गुण, एकोणिसावा नंबर.

नांदेडचा_रेड_डेव्हिल

दादा, मी मँचेस्टर युनायटेडवाला. लिहिलं चांगलं, पण ३१ डिसेंबर गाळला तो मुद्दाम गाळला का माझ्यावर दया म्हणून?

२०११ ची ३१ डिसेंबर. आम्ही अर्धापूरला मित्राच्या शेतात हुरड्याला. आगटी पेटलेली, सव्वासहाला मॅच, एकाच्या मोबाईलवर सहा डोकी. युनायटेडचं घरचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, आमचे मॅनेजर फर्ग्युसन साहेबांचा सत्तरावा वाढदिवस, समोर लीगमधली सगळ्यात शेवटची टीम. मी पार्टीचा खर्च लावला होता पैजेवर. यकुबूनं दोन मारले, बर्बातोव्हनं दोन परत केले, आणि ऐंशीव्या मिनिटाला ग्रँट हॅनली नावाच्या पोरानं कॉर्नरवर डोकं घातलं. २-३. हुरडा कडू लागला म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पोरं अजून मला हॅनली म्हणतात.

आता भांडण. तुम्ही सगळं मालकांवर आणि केनवर ढकलायलात. याच केननं ओल्ड ट्रॅफर्डला आमच्या नाकावर टिच्चून जिंकलं ना? आर्सेनलला चार मारले ना? यकुबूचे लीगमध्ये १७ गोल, हॉइलेट, एन्झोन्झीसारखे खेळाडू होते. मॅनेजर एवढा अडाणी असता तर हे झालं असतं का? मला वाटतं टीम ठीक होती, बचाव फुटका होता आणि नशीब खोटं. मालकांनी पैसे घातले नाहीत असं तर कुणीच म्हणत नाही.

जिंतूर_ब्रॉयलर

हॅनलीराव, बांधावरच्या चार ताटांना कणीस भरलं म्हणून ज्वारी पिकली म्हणतात का? २३ हरले त्याचं काय? आणि बचाव फुटका होता म्हणता तो फोडला कुणी? जोन्स विकला, नेल्सन सोडला, सांबा विकला. मग ७८ गोल येतील नाहीतर काय.

केन माणूस म्हणून वाईट होता असं मी म्हणत नाही. दर मॅचला हजारो लोक तोंडावर "निघ" म्हणून ओरडायचे आणि तो तिथं उभा राहायचा. २० डिसेंबरला बोल्टनकडं घरी २-१ नं हरले त्या रात्री तर बघवत नव्हतं. मी असतो तर मध्यंतरालाच एसटी पकडली असती. पण शेवटच्या नंबरची टीम वाचवायचा अनुभव ज्याला नाही त्याला तिथं ठेवला, हा निर्णय त्याचा नव्हता.

पैशाचं तुमचं खरं. पुढं तर वर्षानुवर्षं घातले.

अंबाजोगाई_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, फुटबॉलमधले फारसे कळत नाही, तरी राहवले नाही. ब्लॅकबर्न हे नाव मी इतिहास शिकवताना चाळीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे. लँकेशायरमधले विणकरांचे गाव. तिथल्या मागांवर खास हिंदुस्थानात विकायला धोतरजोड्या विणल्या जात. म्हणजे मालक पुण्याचे झाल्यावर हे नाते सुरू झाले असे नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कमरेला ते गाव गुंडाळलेले होते.

पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडच्या गिरण्या वाढल्या, जकात बसली, पुढे बहिष्कार आला आणि तिकडचे माग बंद पडू लागले. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी सप्टेंबरअखेरीस ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला जाऊन आले. ज्यांचे काम बहिष्काराने गेले त्या गिरणी कामगार बायकांनीच त्यांचा जयजयकार केला. त्या वेळचा फोटो पाठ्यपुस्तकात असायला हवा होता, असे मी प्रत्येक मुख्याध्यापकाला सांगत आलो.

क्लब त्याच गावाचा. स्थापना १८७५, आणि १८८८ मध्ये लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक. १९९५ चे अजिंक्यपद आणले जॅक वॉकर यांनी, ते गावातलेच, पोलादाच्या धंद्यात पैसा केलेले. ॲलन शिअररचे ३४ गोल त्या हंगामातले. आता हे मला कसे माहीत? नातवाने सांगितले. तो लिव्हरपूलचा आहे, त्याचे काही करता येत नाही.

जिंतूर_ब्रॉयलर

मास्तर, धोतरजोडीचं आजच कळलं. आमचा मानवत-सेलूचा कापूस तिकडं गेला असेल नसेल, पण यापुढं मी तसंच सांगणार.

शिअररच्या हंगामातली एक गंमत नातवाला सांगा. शेवटच्या दिवशी, १४ मे १९९५, ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्याच मैदानावर २-१ नं हरलं होतं. युनायटेडनं वेस्ट हॅमबरोबर १-१ बरोबरी केली म्हणून कप यांना. हरून कप उचललेली टीम आहे आमची.

वसमत_ते_प्रेस्टन

माहेर वसमतचं, गेली काही वर्षं इंग्लंडात प्रेस्टनला नर्स आहे. ब्लॅकबर्न इथून जवळच, बसनं जाता येतं. निलंगा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्या परीनं सांगते.

माझ्या वॉर्डात एक सीनियर बाई आहेत, तीन पिढ्या रोव्हर्सच्या. मी भारतातून आले म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पुण्यापासून किती लांब?" मला वाटलं आता बोलणी बसणार. तसं काही झालं नाही. त्यांची तक्रार मालक कुठले याची नाहीच. ब्लॅकबर्नात आपली माणसं भरपूर, गुजरातीच जास्त, गल्लीगल्लीत वाण्याची दुकानं. त्यांचं म्हणणं एकच : ते येत नाहीत. वर्षानुवर्षं मालक ईवुड पार्कला, क्लबच्या मैदानावर, पाऊल ठेवत नाहीत. जॅक वॉकर मॅचला यायचा, त्याला विचारता यायचं. यांना विचारायचं कुठं?

पण वंशावरून बोलणारे नव्हते असंही नाही. तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू कोंबडीच्या तंगड्या खातायत अशी वेंकीजची जाहिरात आली होती ना, त्यावरून जे विनोद झाले त्यातले सगळे फुटबॉलचे नव्हते. बाई स्वतः म्हणाल्या की त्या वर्षी स्टँडमध्ये काही जणांना त्यांनीच गप्प केलं.

आणि इथं शेजारी बर्नली आहे. ब्लॅकबर्न आणि बर्नली म्हणजे एकाच बांधावरची भाऊबंदकी, लग्नाला सुद्धा जात नाहीत. मे २०१२ मध्ये टीम खाली गेली तेव्हा बर्नलीत दिवाळी होती म्हणे. बाईंना त्याचं दुःख खाली गेल्यापेक्षा जास्त.

निलंगा_एक्सप्रेस

ताई, काका, दादा, सगळ्यांचे आभार. केरळच्या सीनियरला धोतरजोडीचं सांगितलं, तो गप्प झाला. पण म्हणाला, "मग नंतर काय झालं ते पण विचार." नंतर काय झालं?

जिंतूर_ब्रॉयलर

नंतर जास्तच. २०१२ च्या सप्टेंबरअखेर केन गेला. मग हेनिंग बर्ग आला, ९५ च्या विजेत्या टीमचा खेळाडू. त्याला ५७ दिवस ठेवला. त्याच्यानंतर मायकल ॲपलटन, ६७ दिवस. आमच्या शेडवर लॉट बेचाळीस दिवसांचा असतो, म्हणजे मॅनेजर दीड लॉट टिकायचा.

मग २०१७. दुसऱ्या डिव्हिजनच्या शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ नं हरवलं, आणि तरी गोलफरकानं तिसऱ्या डिव्हिजनला गेले. तारीख ७ मे. विगनवाल्या रात्रीचीच तारीख, बरोबर पाच वर्षांनी. मला पंचांगावर विश्वास नाही, तरी त्या तारखेला मी शेडमध्ये नवीन पिल्लं घेत नाही.

२०१८ ला मॅनेजर टोनी मोब्रेनं एका वर्षात दुसऱ्या डिव्हिजनला परत आणलं, त्याला त्यांनी पाच वर्षं राहू दिलं. प्रीमियर लीग अजून नाही.

मामांचं विचारशील. मी त्यांच्या घरी गेलो होतो, दुसऱ्याच महिन्यात. तोवर ते मुलाकडं हडपसरला गेले होते.

नांदेडचा_रेड_डेव्हिल

दादा, आमच्याकडं पण आता तेच चालू आहे. फर्ग्युसन साहेब गेल्यापासून किती मॅनेजर झाले ते मोजायचं मी सोडलं. २०२४-२५ ला पंधरावा नंबर आला तेव्हा मला तुमच्या टीमची आठवण आली, खोटं नाही सांगत. हुरड्याला या यंदा. पैज नाही लावणार.

निलंगा_एक्सप्रेस

शर्ट धुवायला टाकायलोय. गुलाबाची छपाई थोडी उकललीय, काही उपाय?

जिंतूर_ब्रॉयलर

उलटा करून, थंड पाण्यात, हातानं. मशीनला लावू नको. वाळवताना पण उलटाच, सावलीत. इस्त्री त्या फुलावर अजिबात फिरवू नको, माझ्याकडच्याचं फूल तसंच गेलं. आता निघतो, पहाटे तीनला लिफ्टिंगची, म्हणजे तयार पक्षी न्यायची गाडी यायली आहे.